मत्स्यपेटीत गोगलगाय सोडण्यापूर्वी

अलीकडे बेळगावात काय किंवा निपाणीत काय, ज्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत अशा पुष्कळ घरांच्या बैठकीत माशांची काचपेटी दिसू लागली आहे. मुलांचा हट्ट, पाहुण्यांचे कौतुक आणि घरधन्याचा विरंगुळा अशी तिन्ही कामे तिने साधतात. मासे पिशवीत बांधून देता देता दुकानदार सहज म्हणतो, “सर, दोन गोगलगायी पण घेऊन जावा की, काच साफ ठेवतात.” किंमत किरकोळ असते आणि प्राणी दिसावयास मोठा गोजिरवाणा. सोन्यासारखा पिवळा शंख, पुढे दोन लांब मिशा आणि संथ चाल. ती पिशवी घरी येते, कात्रीने कापली जाते आणि आतले पाणी, गोगलगाय, सारे काही थेट पेटीत ओतले जाते. आठवड्याने गोगलगाय तरी मरते, मासे तरी मरतात, किंवा महिन्याभरात काचेवर शेकडो बारीक शंख चढलेले दिसतात. मग विद्यार्थी आमच्याकडे येऊन विचारतात, “सर, असे का झाले?” ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात दहा मिनिटांत पुरे होत नाही, म्हणून येथे ते थोडे विस्ताराने देत आहो.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून घेऊ. मराठीने हिला गाय म्हटले आणि आमच्या भागातील कानडी तिला ‘बसवनहुळ’, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा म्हणते. डोक्यावरच्या त्या दोन शिंगांसारख्या मिशा पाहून एका भाषेस गाय आठवली, दुसरीस बैल. उर्दूतील ‘घोंघा’ मात्र शिंगांच्या भानगडीत पडला नाही. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसास लावतो. पण शास्त्रदृष्ट्या ती अक्षरशः खरी आहे. ज्या स्नायूवर हा प्राणी सरकतो तो त्याच्या पोटाखालीच असतो आणि म्हणूनच ह्या वर्गास ‘उदरपाद’ असे नाव आहे. आमच्यापैकी ज्यांनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतले, त्यांस ‘पायला’ ही आपल्याकडील मोठी पाणगोगलगाय विच्छेदनाच्या ताटलीत भेटलेली असेलच. बाजारात ‘ॲपल स्नेल’ म्हणून जी मिळते ती हिची दक्षिण अमेरिकेतील चुलत बहीण होय. दोघींच्या अंगी एक विशेष आहे. शरीराच्या एका बाजूस पाण्यातील प्राणवायू घेणारा कल्ला आणि दुसऱ्या बाजूस हवा घेणारे फुप्फुस. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन ती एक नळी वर काढते आणि भात्यासारखी हवा ओढून घेते. हे दृश्य पाहावयास मिळाले तर मुलांस अवश्य दाखवावे.

‘काच साफ ठेवते’ हे दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. किंबहुना घरगुती मत्स्यपेटीचा जन्मच गोगलगायीच्या साहाय्याने झाला. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि पट्टीसारख्या पानांची एक पाणवनस्पती ठेवून पाहिली. वनस्पती प्राणवायू देई, मासे जगत. परंतु जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्यांनी डबक्यातील काही गोगलगायी त्यात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, पाणी निवळले आणि त्यांची अंडी व पिले माशांस खाद्य झाली. १८५० साली वॉरिंग्टन यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि पुढे युरोपात मत्स्यपेट्यांची लाट आली. परंतु ह्या गोष्टीतील मर्म विसरू नये. गोगलगाय घाण नाहीशी करीत नाही. ती शेवाळ आणि उरलेसुरले अन्न खाते, आणि तिची विष्ठा त्याच पाण्यात पडते. ज्या पेटीत वनस्पती नाहीत, मासे दाटीने कोंबले आहेत आणि दाणे मूठमूठ टाकले जातात, तेथे गोगलगायीची भर म्हणजे घाण करणाऱ्यांत एकाची भर. सफाईसाठी नोकर ठेवावा तशी ती आणू नये. पाळावयाची असेल तरच आणावी.

तीही नव्या पेटीत नको. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया हा पाण्यातील प्राण्यांस विष आहे. वाळूत आणि गाळणीत वाढणारे सूक्ष्म जंतू प्रथम त्याचे नायट्राइट करतात, मग दुसरे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे शेवटचे रूप पुष्कळसे निरुपद्रवी असते. ह्या जंतूंची वसाहत बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी डोळ्यांस कितीही स्वच्छ दिसो, ते तयार झालेले नसते.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण गोगलगायीचे बहुतेक मरण पाण्यातून येते आणि आपल्या भागात तर त्याची काही खास कारणे आहेत. शंख हा मुख्यत्वे चुन्याच्या क्षाराचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. पाण्यात हा क्षार पुरेसा नसेल किंवा पाणी आम्लधर्मी असेल, तर शंख विरघळू लागतो. शंखाचे टोक हा त्याचा सर्वांत जुना भाग. तेथे प्रथम पांढरे चट्टे आणि खळगे पडतात. बेळगाव-खानापूरच्या बाजूस जांभा दगड आणि भरपूर पाऊस असल्यामुळे पाणी सामान्यतः मृदू असते. पूर्वेस काळ्या जमिनीत विहिरी आणि कूपनलिका यांचे पाणी जड असते. हे ओळखण्यास प्रयोगशाळा नको. ज्या पाण्यात साबणास फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही आणि चहाच्या भांड्यात पांढरा थर बसतो, ते पाणी जड. आणि गोगलगायीस तेच मानवते. घरातील शुद्धीकरण यंत्राचे, म्हणजे ‘आरओ’चे पाणी आपणांस पिण्यास चांगले असेल, त्यातील क्षार काढून टाकलेले असल्यामुळे गोगलगायीस ते अपायकारक ठरते. पाणी मृदू असल्यास काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा एक तुकडा पेटीत ठेवावा. पानाचा चुना मात्र चिमूटभरही टाकू नये. त्याने पाणी एकदम तीव्र अल्कधर्मी होते आणि मासे व गोगलगाय दोघांचीही होरपळ होते.

दुसरी गोष्ट तांब्याची. आपल्या घरांतून तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवण्याची जुनी चाल आहे आणि ती आपल्यापुरती चांगलीच आहे. पण रात्रभर तांब्यात राहिलेले पाणी मत्स्यपेटीत ओतू नये. माणसास सोसणारे तांब्याचे अल्प प्रमाणही गोगलगायीस मारक होते. गंमत अशी की, ह्या पायलावर्गीय गोगलगायींच्या रक्तात प्राणवायू वाहणारे जे द्रव्य असते त्यात तांबेच असते आणि त्यामुळे त्यांचे रक्त निळसर दिसते. परंतु रक्तात बांधलेले तांबे निराळे आणि पाण्यात मोकळे झालेले निराळे. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की जी औषधे घालतात त्यांपैकी काहींत मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार असतो. बाटलीवरील मजकूर वाचल्याखेरीज गोगलगाय असलेल्या पेटीत कोणतेही औषध घालू नये. बागेवर मोरचूद-चुन्याचे मिश्रण फवारण्यासाठी वापरलेली बादलीही ह्या कामी घेऊ नये, ती कितीही धुतलेली असली तरी.

तिसरी गोष्ट निपाणीकरांसाठी, आणि ती आम्ही मुद्दाम सांगत आहो. निपाणी हे तंबाखूचे गाव. ज्या घरी तंबाखूचा व्यापार आहे किंवा ज्या घरी भगिनी विड्या वळतात, तेथे हाताला, पदराला, पाटाला तंबाखूचा चुरा असावयाचाच. तंबाखूतील निकोटीन पाण्यात सहज उतरते, आणि तंबाखूचा काढा कीटकनाशक म्हणून पिकांवर फवारण्याची रीत जुनी आहे. फिलिपाइन्समधील मत्स्यतळ्यांत तर बीज सोडण्यापूर्वी गोगलगायी मारण्यासाठीच तंबाखूची भुकटी टाकतात. तेव्हा हात साबणाने स्वच्छ धुऊन, मग साबणही पुरता घालवून, नंतरच ते पेटीत घालावेत. आणि पेटी तंबाखूच्या खोलीपासून दूर ठेवावी. डासांवर मारावयाचे फवारे पेटीच्या खोलीत वापरू नयेत हे त्याच ओघात सांगून ठेवतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरिनची गोष्ट बहुतेकांस ठाऊक आहे. बेळगाव शहरास राकसकोप आणि हिडकल येथून पाणी येते आणि ते क्लोरिन घालून दिले जाते. प्लास्टिकच्या उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवल्यास क्लोरिन उडून जाते. घाई असल्यास दुकानात हायपोचे खडे मिळतात.

पाणी असे सिद्ध झाले म्हणजे मग गोगलगाय आणावी. कोणती आणावी? दुकानात जाऊन, त्या गोगलगायी पेटीतच जन्मलेल्या आहेत की कोठून धरून आणलेल्या आहेत, एवढे विचारावे. पेटीत जन्मलेली असेल ती निवडावी. कारण पुढे येईलच. शंख अखंड असावा, तोंडावरचे झाकण घट्ट बसलेले असावे, स्पर्श करताच ती आत ओढली जावी आणि वास घेतल्यास दुर्गंधी नसावी. झाकण लोंबत असेल आणि कुजका वास येत असेल तर ती मेलेली आहे. प्रथमच पाळणाऱ्याने मोठी पिवळी ॲपल गोगलगाय घ्यावी. तिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि ती अंडी पाण्याच्या रेषेवर, काचेस फिकट गुलाबी घोसाच्या रूपाने घालते. घोस डोळ्यांस दिसतो आणि हाताने काढता येतो. चकतीसारखा शंख असलेल्या जातीत मात्र प्रत्येक प्राणी नर आणि मादी दोन्ही असतो. लांब मळसूत्री शंखाची जी बारीक जात वाळूत लपून राहते, तिच्या माद्या नरावाचून पिले देतात. अशी एकच आली की तिची प्रजा व्हावयास वेळ लागत नाही. पुष्कळदा ह्या जाती कोणी आणीत नाही. पाणवनस्पतीच्या पानामागे चिकटलेल्या अंड्यांतून त्या आपोआप येतात.

ह्या कारणास्तव नव्या गोगलगायीस आणि नव्या वनस्पतीसही प्रथम एका निराळ्या काचेच्या बरणीत चार आठवडे ठेवावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. लोक हसतात, म्हणतात, वीस-तीस रुपयांच्या किड्यासाठी एवढा सोहळा कशाला! पण पेटीतील माशांचा विचार करावा. माशांस पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारे सूक्ष्म जीव शंखास चिकटून येऊ शकतात. बरणीत मासा नसल्यामुळे ते उपाशी मरतात. बारीक जळवा, चपटे कृमी, नको असलेल्या जातीची पिले, सारे ह्या अवधीत उघडकीस येते. बरणी पाच-सहा लिटरची असावी आणि तिच्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवून दोन-तीन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. तोंडावर जाळीचे कापड बांधावे, कारण गोगलगाय रात्री बाहेर पडते आणि सकाळी कपाटामागे सुकलेली सापडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. तेथील हिवाळ्याच्या रात्री बरणी खिडकीत न ठेवता आतल्या भिंतीशी ठेवावी.

बरणीत असो वा पेटीत, प्रत्यक्ष सोडण्याची रीत एकच आहे. बांधलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी नवे पाणी तिच्यात घालावे. असे तासभर करावे. उष्णतेतील फरकापेक्षा क्षारांतील फरक अधिक घातक असतो आणि तो वीस मिनिटांत भरून निघत नाही, म्हणून हा तास वाचवू नये. नंतर गोगलगाय शंखाच्या दोन्ही बाजूंनी अलगद धरून उचलावी आणि तळाशी तोंड खाली करून ठेवावी. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. काचेस चिकटलेली गोगलगाय ओढून काढू नये, हलकेच बाजूस सरकवून सोडवावी. जोराने ओढल्यास शंखास धरून ठेवणारा स्नायू फाटतो. त्या दिवशी दिवा मालवून ठेवावा. एक-दोन दिवस ती दार लावून बसेल. शंखात हवा धरून पाण्यावर तरंगेलही. त्यास मरण समजू नये. वास हीच परीक्षा. मेलेली मात्र तत्काळ काढावी, कारण ती फार लवकर कुजते आणि तिच्यापासून निघणारा अमोनिया लहान पेटीतील मासे मारतो.

पेटीत पाण्याची पातळी झाकणाच्या दोन-तीन इंच खाली असावी, तिला हवा घेता आली पाहिजे. दहा लिटर पाण्यास एक मोठी गोगलगाय पुरे. गप्पी, मॉली यांच्याशी तिचे जमते. सोनेरी मासे आणि लढाऊ मासे मिशा कुरतडतात. लोच आणि पफर हे तर गोगलगायी खाणारेच. खाण्यास पालकाचे उकडलेले पान, काकडी किंवा दोडक्याची चकती द्यावी आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे. बारीक गोगलगायी बेसुमार वाढल्या तर औषध घालू नका, माशांचे दाणे कमी करा. गोगलगायींची संख्या म्हणजे आपण टाकलेल्या जादा अन्नाचा हिशेब असतो. रात्री उकडलेल्या पानाचा तुकडा ठेवावा आणि सकाळी त्यावर जमलेल्यांसह उचलून घ्यावा. आठ दिवसांत फरक दिसतो.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. विहिरीतून, तळ्यातून, भाताच्या खाचरातून गोगलगाय धरून ती पेटीत सोडण्याची मुलांस फार हौस असते. शिक्षक ह्या नात्याने आम्ही ती मोडून काढतो, आणि त्यास कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या बाजूस गिमवी नावाचे खेडे आहे. तेथील काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा ह्या डॉक्टरद्वयाने त्याचा शोध घेतला, तेव्हा तो शिस्टोसोमा नावाच्या रक्तातील कृमीचा रोग असल्याचे निघाले. ईजिप्त आणि आफ्रिकेत हा रोग सर्वश्रुत होता. आपल्याकडे तो असा घर करून असेल ही कल्पना नव्हती. ह्या कृमीचा प्रवास असा : रोग्याच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेली अळी विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरते, तेथे एकीच्या हजारो होतात, आणि शेपटीवाल्या अळ्या पाण्यात येऊन पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत घुसतात. गिमवीत हे मधले घर पुरविणारी गोगलगाय म्हणून ज्या फेरिसिया जातीकडे बोट दाखविले गेले, ती काही मिलिमीटर लांबीची, टोपीसारख्या शंखाची, पाण्यातील पानांस चिकटून बसणारी. पाहणाऱ्याने तिला गोगलगाय म्हणूनही ओळखले नसते.

आपल्या भागातील प्रत्येक डबक्यात हा रोग आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु गुरांच्या यकृतातील चपटे कृमी आणि नाकात राहून जनावरास घोरावयास लावणारे कृमी, हे दोन्ही अशाच पाणगोगलगायींतून जातात, आणि ज्या डबक्यात म्हशी डुंबतात तेथे ते असण्याचा संभव असतो. गुरांच्या ह्या कृमींपैकी काहींच्या अळ्या माणसाच्या कातडीस खाज आणतात. अशी गोगलगाय बरणीत महिनाभर ठेवली तरी शंका फिटत नाही, कारण लागण झालेली गोगलगाय कित्येक आठवडे अळ्या सोडीत राहू शकते. याउलट हे कृमी गोगलगायीच्या अंड्यांतून पिलांत उतरत नाहीत; म्हणून पेटीत पिढ्यान् पिढ्या वाढलेली गोगलगाय ह्या बाबतीत निर्धोक. दुकानात विचारावयाचा प्रश्न तो हाच. तरीही पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलाने गोगलगाय तोंडात घालू नये, याकडे आईने लक्ष ठेवावे. गोगलगायींतून जाणारा, मेंदूच्या आवरणास सूज आणणारा एक कृमीही आहे. शिवाय सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर, महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, समुद्रातील गोगलगायींच्या कुळातील अशा काही जाती राहतात की ज्या जगात दुसरीकडे नाहीत. त्यांस काचपेटीत आणून मारण्यात काय पुरुषार्थ!

बाहेरची आत आणू नये, तशी आतली बाहेर सोडू नये. पेटीचा कंटाळा आला किंवा बदली झाली की लोक दयाबुद्धीने मासे-गोगलगायी वेदगंगेत, मार्कंडेयेत किंवा गावच्या तळ्यात सोडून येतात. १९८० च्या सुमारास तैवानात अर्जेंटिनाहून सोनेरी ॲपल गोगलगाय खाण्यासाठी आणली गेली. ती लोकांच्या जिभेस रुचली नाही, म्हणून सोडून दिली गेली. आणि तेथून फिलिपाइन्स, जपान, व्हिएतनाम असे करीत तिने भाताच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडला. आपल्या बाजारातील पिवळी गोगलगाय तिच्याच कुळातील आहे, आणि लहान वयात दोघींतील भेद दुकानदारासही सांगता येत नाही. जमिनीवरील मोठी आफ्रिकन गोगलगाय, जिला आपण शंखी गोगलगाय म्हणतो, ती १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून कलकत्त्यास आणून बागेत सोडली. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सोयाबीनच्या कोवळ्या पिकावर तिच्या झुंडी पडल्या आणि शेतकऱ्यांस दुबार पेरणी करावी लागली. बेळगावच्या बासमतीची खाचरे आणि वेदगंगा-दूधगंगेचा काठ ह्यांच्याकडे पाहून हे मनात ठेवावे.

तेव्हा गोगलगायी जास्त झाल्या तर दुसऱ्या पाळणाऱ्यास द्याव्यात किंवा दुकानदारास परत कराव्यात. तेही नाही जमले तर पिशवीत बांधून एक दिवस-रात्र शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात आणि मग खोल पुराव्यात. ॲपल गोगलगायीचे अंड्यांचे घोस काढून चुरडावेत, गटारात टाकू नयेत. ते हाताळल्यावर हात धुवावेत. पेटी धुतलेले पाणीही मोरीत किंवा नाल्यात न सोडता जाड कापडातून गाळून झाडांच्या कुंड्यांस घालावे आणि कापड कडक उन्हात दोन दिवस वाळवावे.